गुडघ्याएवढ्या उंचीवरचं कालनिर्णय

रा. रा. घरमालक यांसी,
मु. पो. रामनगर, ता. जोयडा, जि. उत्तर कन्नड



हे पत्र उघडं लिहितो आहे, कारण बंद पाकिटातलं मागचं पत्र तुम्हाला मिळालंच नाही म्हणे. पोस्टमन सांगतो की तुम्ही ते त्याच्यासमोर फोडलंत, वाचलंत आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसलात. असो. पोस्टमनला काय कळतं.

आधी आभार मानतो. स्वतःचं घर घ्यायचा आमचा हा पहिलाच प्रसंग. शाळामास्तराच्या बावीस वर्षांच्या नोकरीत लोंढा, जगलबेट, कॅसलरॉक, जोयडा अशा सात भाड्याच्या जागा झाल्या. भाड्याच्या घरात भिंतीला ओल आली की कॉट सरकवायची आणि मालकाच्या नावाने बोटं मोडायची, एवढंच आमचं बांधकामाचं ज्ञान. त्यापुढचं सगळं शिक्षण तुमच्या घरात झालं. तेही फुकट नव्हे, एक लाख रुपये इसार भरून.

मार्चमध्ये आम्ही दोघं घर बघायला आलो तेव्हा तुम्ही काजू आणि कोकमचं सरबत पुढे केलंत. घर पस्तीस-चाळीस वर्षांचं आणि वास मात्र कालच्या रंगाचा! आमच्या हिला रंगाच्या वासाने शिंका येतात. त्या शिंकांच्या मध्येच तिने विचारलं, "हे कालनिर्णय इतकं खाली का लावलंय?" खरंच, मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवर, कालनिर्णय टांगलेलं होतं. तुम्ही हसून म्हणालात, "नातवंडं बघतात." बाहेर पडल्यावर ही म्हणाली, "चतुर्थी कधी आहे ते नातवंडं बघतात होय? की मांजर?"

त्या एका वाक्याने तुमचा घात केला, मालक. मी तुमच्याच बाजूचा होतो. मला ओसरी आवडली होती, मागचा फणस आवडला होता, आणि अनमोड घाटाकडून येणारा वारा तर खासच.

आपल्याकडे म्हैस घ्यायची तर चार जाणती माणसं सोबत नेतात. तिचे दात बघतात, तिला चालवून बघतात, दोन वेळा धार काढून बघतात. नारळसुद्धा कानाशी हलवल्याशिवाय कोणी घेत नाही. घराला मात्र तोंड कुठल्या दिशेला एवढंच विचारतात. तुम्हीही वास्तुशास्त्र जाणणारे एक गृहस्थ स्वतःहून सुचवलेत, त्यांची फी भरायलाही तयार होतात. त्यांनी घर पूर्वाभिमुख आहे आणि ईशान्य मोकळी आहे असा दाखला दिला असता, आणि तो खराच असता. ईशान्य इतकी मोकळी आहे की तिथून आत येणाऱ्या पाण्याला कोणाचाच अडथळा नाही.

माझा एक जुना विद्यार्थी लंडनजवळ असतो. त्याने तिकडे घर घेतलं तेव्हा आधी तज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली. तिकडच्या अहवालात छप्पर, भिंती, गटार अशा प्रत्येक भागापुढे खूण असते: हिरवी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे ताबडतोब हात घाला. स्कॉटलंडमध्ये तर २००८च्या डिसेंबरपासून असा अहवाल विकणाऱ्यानेच तयार ठेवायचा असतो. हे ऐकून मला तुमची आठवण झाली. रंगाचा उपयोग ते लोक दोष दाखवायला करतात. तुमची पद्धत निराळी आहे.

बँकेनेही एक माणूस पाठवला होता, मूल्यांकन करणारा. दहा मिनिटांत तो आला, फूटपट्टीने दोन खोल्या मोजल्या, चार फोटो काढले, काजू खाल्ले आणि "हरकत नाही" म्हणून गेला. तो तुमचा विजय, असं तुम्ही गावभर सांगितलंत. पण मालक, तो माणूस बँकेचा होता. कर्ज बुडालं तर घर विकून पैसे निघतील का, एवढंच त्याला बघायचं होतं. वासा माझ्या डोक्यात पडेल का, हा प्रश्न त्याच्या फॉर्ममध्ये नाही.

तर मग मी माझी माणसं आणली. बेळगावात साइट इंजिनियर असलेला माझा मेव्हणा. इकडच्याच एका कुणबी वाडीवरचे सुतारकाका, ज्यांना लाकडाचा नुसता वास पुरतो. आमची ही. आणि धाकट्याच्या खिशातल्या दोन गोट्या. वळवाचे दोन पाऊस नुकतेच होऊन गेले होते, तेही आमच्याच बाजूने आले. हातोडी, पटाशी आणि बॅटरी बघून तुम्ही म्हणालात, "बघा की बिनधास्त, आमचं काय लपवायचंय!"

काही नाही. तुम्ही खरोखर काहीच लपवलं नव्हतंत. वर्गात कॉपी करणारं पोर नेमक्या चुकलेल्या ओळीवर हात ठेवून बसतं. बावीस वर्षं मी तो हात बघत आलोय. तुमच्या घरात चार भिंतींपैकी दोन जुन्या निळ्या आणि दोन कोऱ्या गुलाबी. सात वाशांपैकी तीन मळकट आणि चार चॉकलेटी, चकचकीत. मेव्हणा बॅग उघडायच्या आतच म्हणाला, "दाजी, इथे यंत्रं लागायची नाहीत. जिथे नवा रंग आहे तिथे ठोकायचं." तसंच केलं. एकही ठोका वाया गेला नाही. माझ्या आयुष्यात इतका बिनचूक नकाशा मी पाहिलेला नाही, आणि मी भूगोल शिकवतो.

कालनिर्णयापासून सुरुवात केली. ते उचललं तशी त्याच्या मागची पुट्टी एप्रिल-मेच्या पानांना चिकटून अख्खी खाली आली. आतला चिरा ओला, आणि त्यावर लोणा फुललेला, पांढरा, मिशीसारखा. मेव्हण्याने समजावलं ते असं. आपल्याकडचा चिरा म्हणजे जांभा दगड, खाणीतून निघताना मऊ आणि हवा लागली की टणक होणारा, पण अंगात असंख्य छिद्रं. जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला नसेल तर जमिनीतलं पाणी दिव्यातल्या वातीत तेल चढावं तसं भिंतीत चढतं. तुमच्या जोत्यावर तो थर नाही. हे पाप तुमचं नाही, त्या काळी इकडे तो फारसा कोणी घालतच नसे. तुमचं पुण्य पुढचं आहे. तुम्ही आतल्या बाजूने पाणीरोधक रंगाचे जाड हात मारलेत. वाट बंद झाली म्हणून पाणी परत गेलं नाही, ते आणखी वर चढलं आणि रंगाच्या वरून बाहेर आलं.

त्याचा पुरावाही तुम्हीच ठेवलात. त्या भिंतीवर खिळ्याची तीन जुनी भोकं आहेत, एकाच्या वर एक. पहिलं घोट्याच्या उंचीवर, दुसरं पोटरीच्या, तिसरं गुडघ्याच्या थोडं खाली. म्हणजे मालक, दर दोन-चार वर्षांनी तुम्ही कालनिर्णय वर सरकवत गेलात! नदीकाठी पुराच्या पाण्याची पातळी मोजायला दगडी खांब रोवतात, तसा तुमचा हा खिळा.

मागच्या स्वयंपाकघराची गोष्ट लवकर आटोपतो, कारण तिथे विनोद कमी आहे. ती स्लॅबची खोली तुम्ही नंतर बांधलीत, आणि पंचायतीकडच्या नऊ आणि अकरा नंबरच्या फॉर्मात ती सापडत नाही. कागदावर घर लहान आणि जमिनीवर मोठं. किमतीच्या वाटाघाटीत मात्र तुम्ही ती चौरस फुटांसकट मोजलीत. स्लॅबखाली हातोडी लावली तर चांगल्या जागी टणटण आणि ओट्याच्या वर बदबद. वरचं पाणी उतार नसल्याने साचतं, काँक्रीटमधून झिरपतं, सळईला गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून तो आतून काँक्रीटचा पोपडा ढकलून देतो. तिथे तुम्ही प्लास्टर करून त्यावर पीओपीची नक्षी केली होतीत. कमळाचं फूल. त्या फुलाच्या मधोमध मेव्हण्याने ठोकलं आणि पाकळ्यांसकट दीड घमेलं माल खाली आला. आमची ही बरोबर त्याच जागी ओटा धरून चहा करणार होती.

वायरिंगबद्दल एकच सांगतो. घरात अर्थिंग नाही, फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा आहे. फ्यूजने काय करायचं असतं हे तुम्हाला कोणी सांगितलंच नसावं. त्याने जळायचं असतं, म्हणजे घर जळत नाही.

आता छप्पर. तुमच्या तोंडचा शब्द होता: "सगळा सागवान!" मी सुतारकाकांकडे बघितलं. काकांनी शिडी लावली, पहिल्या चॉकलेटी वाशावर पटाशीचं टोक ठेवलं आणि अगदी हलका दाब दिला. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. काका खाली न बघताच म्हणाले, "हा वासा न्हय, हा वाशाचा फोटो."

वाळवी उघड्यावर जेवत नाही. ती जमिनीतून मातीची नळी करून वर येते, लाकडाचा गर खाते आणि बाहेरची साल शाबूत ठेवते. जुन्या सागाच्या गाभ्याच्या ती सहसा वाटेला जात नाही, पण बाहेरच्या पांढऱ्या भागाला सोडत नाही, आणि तुमच्या त्या चार वाशांत साग असेलच तर तो रंगाच्या डब्यावरच्या चित्रात. भिंतीवरच्या मातीच्या नळ्या तुम्ही खरवडून काढल्यात आणि वरून तेलरंगाचे दोन हात दिलेत. वाळवीला आणखी काय हवं? एरवी सावली आणि आडोसा तिला स्वतः बांधावा लागतो. बांधलेल्या घरातल्या वाळवीसाठी भारतीय मानक ६३१३चा तिसरा भाग आहे. जोत्यालगत चर खणून, भोकं पाडून औषध सोडायचं असतं. तेलरंगाचा उल्लेख त्यात कुठेही नाही.

गोट्यांचा निकालही सांगतो. धाकट्याने दोन्ही गोट्या ओसरीवर ठेवल्या, त्या आपसूक गडगडत कालनिर्णयापाशी जाऊन थांबल्या.

या सगळ्याचा हिशेब मेव्हण्याने तुमच्यासमोर केला होता, पण तुम्ही तेव्हा फोनवर बोलायला अंगणात गेलात, म्हणून पुन्हा लिहितो. वासे, रिपा आणि फुटकी कौलं १,४०,०००. स्लॅब ९५,०००. जोतं आणि ओल ७०,०००. वायरिंग ४५,०००. वाळवी १५,०००. एकूण ३,६५,०००. तुम्ही अंगणातून आत आलात आणि म्हणालात, "जुनं घर म्हटल्यावर चालायचंच. पाच हजार कमी करतो." वर हेही सांगितलंत की गोव्याचं एक गिऱ्हाईक रोख घेऊन तयार आहे. मालक, रामनगरात विकायला निघालेल्या प्रत्येक घरामागे ते गोव्याचं गिऱ्हाईक उभं असतं. मी बावीस वर्षांत त्याला कधी पाहिलेलं नाही, पण त्याचा स्वभाव चांगला असावा, तो कुठल्याच घराला नावं ठेवत नाही.

त्याला द्यायचं असेल तर जरूर द्या. फक्त एक गोष्ट त्यालाही सांगावी लागेल. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या आज्यांच्याही आधीचा. त्याचं कलम ५५ म्हणतं की जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला दिसला नसता, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही त्याच कलमाच्या शेवटी फसवणूक म्हटली आहे. परवापर्यंत तुम्ही म्हणू शकला असतात की मला कुठे ठाऊक होतं. आता पाकळ्यांसकट ठाऊक आहे. बाकी रेरा वगैरेची भीती मी घालत नाही. बांधकामातला दोष पाच वर्षांच्या आत दिसला तर दुरुस्त करून द्यायची सक्ती त्यात बिल्डरला आहे, जुनं राहतं घर विकणाऱ्या तुमच्यासारख्याला नाही. बघा, तुमच्या बाजूचं होतं तेही सांगितलं. असं सांगता येतं, काही होत नाही.

आणि इसाराचा कागद एकदा कपाटातून काढून वाचा. "तपासणी समाधानकारक झाल्यास" हे तीन शब्द आमच्या हिने स्वतःच्या अक्षरात घातले होते. तुम्ही तेव्हा हसून सही केलीत आणि मला म्हणालात, "वहिनी फार हौशी आहेत."

आता जे खरं लिहायचं आहे ते लिहितो. तपासणी संपत आली तेव्हा सुतारकाका आढ्यापर्यंत चढले. आढंही चॉकलेटी होतं, म्हणून आम्ही सगळे जरा बाजूला सरकलो. काकांनी पटाशी लावली. ती घसरली. जोराने लावली, पुन्हा घसरली. मग त्यांनी पटाशीच्या मुठीने ठोकून बघितलं आणि घरभर असा आवाज घुमला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. काका बराच वेळ वरच बसून राहिले. बोटभर रंग खरवडून त्यांनी लाकडाला नाक लावलं आणि म्हणाले, "हें सुप्याचें."

खाली उतरल्यावर त्यांनी जे सांगितलं ते तुम्ही आम्हाला तीन महिन्यांत सांगितलं नव्हतंत. गणेशगुडीला काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, पाणी चढत गेलं आणि ज्या गावाच्या नावाने हा अख्खा तालुका ओळखला जायचा ते सुपाच पाण्याखाली गेलं. कचेरी जोयड्याला आली, उठलेली कितीतरी माणसं रामनगरला बसवली गेली. तुमचे वडील त्यांच्यातले. पाणी येण्याआधी त्यांनी स्वतःच्या घराचं आढं उतरवून घेतलं आणि नव्या घरावर चढवलं. त्या वेळी काका पोरसवदा होते, दोर धरायला त्यांना उभं केलं होतं. तुमच्या सबंध घरात जे एक लाकूड निखळ सागवान आहे, जे गाव बुडालं तरी बुडालं नाही, त्यालाही तुम्ही पोखरलेल्या वाशांच्या रंगाचा तेलरंग फासलात, म्हणजे सगळं एकसारखं दिसावं!

मला राग आला तो इथे. ओलीचा नाही आला, वाळवीचा नाही आला. ती घरात असायचीच, जोयड्याच्या पावसात कोणाच्या घरात नाही? पहिल्याच दिवशी तुम्ही कालनिर्णय बाजूला करून म्हणाला असतात की मास्तर, ही भिंत ओली आहे, हे चार वासे गेलेत, आणि हे वर बघा, हे आमच्या सुप्याच्या घराचं आढं, तर मी किंमत न करता सही केली असती. ही मला म्हणते तसं, मी भाबडा आहे. तुम्ही भाबड्या माणसाला गिऱ्हाईक केलंत आणि गिऱ्हाइकाला इंजिनियर आणायला लावलंत.

तर आमचं म्हणणं असं. दुरुस्ती तुम्ही करून देऊ नका, हात जोडून विनंती आहे. तुम्ही केलेली दुरुस्ती काढण्यातच आमचा एक रविवार गेला. मूळ ठरलेले २७,००,००० उणे ३,६५,०००, म्हणजे २३,३५,०००, आणि मागचं स्वयंपाकघर पंचायतीच्या कागदावर आणायची धावपळ तुमची. हे मान्य असेल तर मिरगाच्या आधी कळवा, म्हणजे कौलं उतरवून वासे बदलता येतील. एकदा पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत छपराला हात लावता येणार नाही. मान्य नसेल तर इसाराचे एक लाख परत करा आणि गोव्याच्या गिऱ्हाइकाला आमचा नमस्कार सांगा.

आढ्यावरचा रंग मात्र आता तुम्ही काढू नका, आणि दुसरा लावूही नका. घर कोणीही घेवो, तो काढायला सुतारकाका येणार आहेत. मजुरी घेणार नाही म्हणाले. त्यांना फक्त एक विचारायचं आहे: सुप्याहून ते आढं आणलं तेव्हा तुमच्या वडिलांनी दोन गाड्या जोडल्या होत्या की तीन? काकांच्या मते दोन, त्यांच्या मोठ्या भावाच्या मते तीन, आणि यावरून त्या दोघांचं इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

आपला,
अजून भाड्याच्याच खोलीतला एक मराठी शाळामास्तर

ता. क. कालनिर्णय तुमचं आहे, घेऊन जा. खिळा राहू द्या. यंदा पाणी कुठवर चढतं ते तिथून मोजायचं आहे.